ऑफिस पुन्हा सुरू होतंय, लेक अकरा महिन्यांची. अंगावरचं दूध चालू ठेवलेल्या कुणी आहेत का?

रानजाई
नमस्कार मंडळी. पुढच्या एक तारखेपासून ऑफिसला जायचंय. सव्वीस आठवड्यांची रजा कधीच संपली. मग साठलेली रजा, मग घरून काम, असं रेटत इथवर आणलं. आता साहेबांनी स्पष्ट सांगितलंय, पाचही दिवस या. मी डोंबिवलीत, ऑफिस बीकेसीत, म्हणजे मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात. सकाळी साडेसातला घर सोडायचं ते संध्याकाळी आठपर्यंत परत.

लेक तोवर अकरा महिन्यांची होईल. नाचणीची पेज, वरणभात, केळं, मऊ उपमा सगळं खाते, लहर असेल तर. पण झोपायला मात्र अंगावरच लागते. दुपारी तेच, रात्री तेच, मध्ये जाग आली तरी तेच. बाटली तोंडात घेत नाही, नुसती चावत बसते.

दिवसा सासूबाई सांभाळणार. त्यांचं म्हणणं, "जायच्या आधी पंधरा दिवस दूध तोडून टाक, म्हणजे पोरगी माझ्याजवळ रुळेल. आणि आता त्या दुधात राहिलंय तरी काय?" शेजारच्या काकूंनी कडुनिंबाचा पाला वाटून लावायला सांगितलंय. मला तोडायचं नाहीये. पंप घ्यावाच लागेल का? गाडीत छाती भरून आली तर काय करायचं? ऑफिसात जागा म्हणाल तर एकच मीटिंग रूम रिकामी असते आणि ती चारी बाजूंनी काचेची आहे.

खारूताई
अगं, तोडू नकोस. इतक्या मोठ्या बाळाचं गणित वेगळं असतं. तीन महिन्यांच्या बाळाला ठेवून जायचं असेल तर दिवसाचं सगळं दूध काढून ठेवावं लागतं, तिथे पंपाशिवाय गत्यंतर नाही. तुझी लेक जेवते. दिवसा जेवेल, पाणी पिईल. सकाळी निघताना पाज, आल्यावर पाज, रात्री तिला हवं तेवढं. माझा मुलगा दीड वर्षाचा होईपर्यंत असंच चाललं आणि मी रोज ठाण्याहून अंधेरीला जात होते. पंप घेतला होता, पण तो लवकरच माळ्यावर गेला.

फक्त सकाळचं पाजणं घाईत उरकू नकोस. मी गजर वीस मिनिटं आधी लावायचे आणि तो झोपेत असतानाच अंगावर घ्यायचे. मग उठायचं, आंघोळ, डबा, आणि दारातून बाहेर पडायच्या आधी पुन्हा एकदा. त्यामुळे दुपारपर्यंत तरी छाती हलकी राहते.

मोगरा_७
+१. पंपावर आत्ताच पैसे घालू नकोस. आधी हाताने काढून बघ. कुणीतरी नीट शिकवलं की पाच-सात मिनिटांत होतं.

रानजाई
मोगरा, मी प्रयत्न केला होता. चार थेंब आले आणि नुसतं दुखलं.

रातपाळी
मी नर्स आहे, प्रसूतिकक्षात. बहुतेक जणी स्तनाग्रच पिळतात, म्हणून दुखतं आणि येतही नाही. अंगठा वर, पहिली दोन बोटं खाली, भोवतीच्या काळ्या भागाच्या कडेपासून जरा मागे. आधी सरळ छातीच्या दिशेने आत दाबायचं, मग बोटं एकमेकांजवळ आणायची, मग सोडायचं. दाब, जवळ, सोड. बोटं कातडीवरून घासायची नाहीत. पहिला मिनिटभर काहीच येत नाही, तिथेच बायका सोडून देतात. मग थेंब, मग चिळकांडी. धार मंदावली की बोटं फिरवून दुसरी बाजू घ्यायची. आधी कोमट पाण्यात बुडवलेला रुमाल ठेवलास तर पान्हा लवकर फुटतो. स्टीलची रुंद तोंडाची वाटी घे, उकळत्या पाण्यातून काढलेली.

आणि एक. ऑफिसात काढायचं ते छाती मऊ होण्यापुरतं. पूर्ण रिकामी करत बसलीस तर शरीराला वाटतं गिऱ्हाईक वाढलंय, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला तितकंच भरून येतं.

बालडॉक
'दुधात काय राहिलंय' याचं उत्तर आधी देतो, कारण हे वाक्य रोज ओपीडीत ऐकतो. सहा महिने ते वर्ष या काळात बाळाच्या ऊर्जेच्या गरजेतला निम्मा किंवा त्याहून जास्त वाटा आईच्या दुधातून येऊ शकतो. एक ते दोन वर्षांत साधारण एक तृतीयांश. संसर्गाशी लढणारे घटक त्यात शेवटपर्यंत असतात. पाळणाघरात जाणाऱ्या मुलांच्या आयांनी हे विशेष लक्षात ठेवावं. जागतिक आरोग्य संघटना सहा महिने फक्त आईचं दूध आणि पुढे वरच्या अन्नासोबत दोन वर्षं किंवा त्याहून अधिक काळ, असं सांगते. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचीही हीच भूमिका आहे.

पण आईच्या दुधात लोह कमी असतं, ते या वयात जेवणातूनच जायला हवं. नाचणी, डाळी, अंडं, घरात चालत असेल तर मटणाचं बारीक केलेलं खिमट, वर लिंबू. नुसतं 'अंगावर पितोय ना' म्हणून जेवण टाळलं की दीड वर्षाचं मूल पांढरंफटक होऊन येतं. वर्षाच्या आत गायी-म्हशीचं दूध मुख्य पेय म्हणून नको, मधही नको. वर्षानंतर गायीचं दूध चालेल, पण दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर गेलं तर जेवण मार खातं.

बाटलीची तर गरजच नाही. अकरा महिन्यांचं मूल वाटीने, छोट्या पेल्याने पितं. सांडेल. सांडू दे.

चिंचगूळ
घरी बोंडलं (बाळाला दूध पाजायचं चोचीचं भांडं) असेल तर ते काढा! आमच्याकडे आजीचं चांदीचं होतं, त्याच्यावर पोरगा खूश होता. काढलेलं दूध सरळ पेजेत किंवा मऊ भातात घालायचं. भांडण नाही, बाटली नाही.

कट्ट्यावरची
एक वेगळा सूर लावते, रागावू नका. मी मुलगी दहा महिन्यांची असताना पूर्ण बंद केलं. रात्री चारदा उठायचं, सकाळी सहाला कर्जत लोकल, दिवसभर आकडेमोड. वजन उतरलं, चिडचिड वाढली, नवऱ्यावर खेकसत होते. बंद केलं आणि घरात सगळे झोपायला लागले. मुलगी आता पाच वर्षांची आहे, धडधाकट. इथे असा सूर लागतो की चालू ठेवलं ती खरी आई. रानजाईला ठेवायचंय, जरूर ठेव. पण उद्या जमलं नाही तर हा धागा वाचून रडत बसू नकोस, एवढंच.

खारूताई
कट्ट्यावरची, तसं कुणी म्हटलेलं नाही गं. पण रात्रीचं म्हणतेस ते खरंय. आई दिवसभर नसली की पोरं रात्री वसुली करतात. पहिले काही आठवडे माझा दिवसा जेमतेम प्यायचा आणि रात्रभर चिकटून असायचा. मी त्याला शेजारी घेऊन आडव्यानेच पाजायचे, अर्धवट झोपेत. शनिवारी सकाळी नवरा त्याला उचलून बाहेर न्यायचा आणि मी नऊपर्यंत झोपायचे. त्यावर आठवडा निघायचा.

बालडॉक
रात्रीच्या पाजण्यावर एक पुरवणी. दात आलेले असतील तर सकाळ-संध्याकाळ घासा, पहिल्या दातापासून. तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरे. वर्षानंतर रात्रभर वारंवार पिणाऱ्या मुलांचे पुढचे दात किडलेले दिसतात. त्यासाठी दूध तोडायला नको, दात मात्र घासायला हवेत आणि गोड बिस्किटं बंद.

आजी_कोथरूड
रानजाई, मी तुझ्या सासूच्या वयाची. मी बँकेत होते. आमच्या वेळी रजा मिळायची तीन महिन्यांची, त्यातले काही दिवस बाळंतपणाआधीच गेलेले. काउंटरवर बसलेलं असताना पान्हा फुटायचा, कुणाचं तरी बाळ रांगेत रडलं की हमखास. ब्लाउजच्या आत जुन्या मलमलच्या धोतराच्या चौघडी घड्या आणि वर गडद रंगाची, छापील साडी. पांढरं आणि आकाशी त्या वर्षी कपाटातच राहिलं. अजून एक सांगते. असं वाटायला लागलं की हाताची घडी घालावी आणि तळव्यांनी छाती घट्ट दाबून धरावी, थोडा वेळ. थांबतं. लोकांना वाटतं बाई विचार करतेय.

आता सासूबाईंबद्दल. दुपारी एकला पोर झोपेसाठी टाहो फोडेल तेव्हा तिथे तू नसशील, त्या असतील. त्यांची भीती दुधाची नाही, त्या एका तासाची आहे. 'तोड' म्हणतात त्याचा अर्थ तोच. म्हणून वाद दुधावर घालू नकोस. आत्तापासून रोज दुपारी लेकीला त्यांच्या हवाली कर आणि चक्क घराबाहेर जा. भाजी आण, देवळात बस. तू आतल्या खोलीत असलीस तर ती झोपणार नाही, वास येतो पोरांना.

कडुनिंब, कोरफड, मिरची यातलं काही लावू नकोस. आमच्या शेजारी एकीने मिरची लावली होती. त्या पोराने तोंड भाजल्यावर आईकडे जे पाहिलं ते मला अजून दिसतं.

बदलापूर_फास्ट
आजींना अनुमोदन. मी बाबा आहे, बायको सकाळच्या पाळीला जाते. मुलगा आईजवळ अंगावर घेतल्याशिवाय झोपत नाही आणि माझ्याजवळ मागतही नाही. त्याला पक्कं ठाऊक आहे कुणाकडे काय मिळतं. पहिले काही दिवस रडला, नाही असं नाही. मग मी त्याला खांद्यावर टाकून गॅलरीत फिरायला लागलो आणि एका सुरात स्टेशनं म्हणायला लागलो. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी, कल्याण, ठाकुर्ली, डोंबिवली, कोपर, दिवा… ठाण्याच्या आत झोपतो. मुलुंड क्वचित लागतं. दादर एकदाच लागलं, तेव्हा त्याला ताप होता.

ताई, तुमचे मिस्टर या सगळ्यात कुठे आहेत? पोस्टमध्ये सासूबाई आहेत, काकू आहेत, साहेब आहेत.

रानजाई
हाहा, आहेत. त्यांचं ऑफिस पवईला, घरी पोचतात माझ्याआधी. त्यांना ही पोस्ट दाखवलीय, स्टेशनं पाठ आहेत म्हणाले. सासूबाईंशी बोलले. आजी म्हणतात ते अगदी खरं निघालं. "मला दुपारी ती आवरेल का" हीच त्यांची काळजी होती. कालपासून मी दुपारी खाली सोसायटीच्या बाकावर लॅपटॉप घेऊन बसते. काल खूप रडली, आज कमी.

पण छाती आत्ताच दुपारी दगड झाली. एक तारखेनंतर काय होईल?

रातपाळी
म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत दिवसाचं सगळं चालू आणि एक तारखेला एकदम बंद, असं करायचं नाही. दिवसातलं एक पाजणं आत्ता कमी कर, चार-पाच दिवसांनी दुसरं. शरीर तेवढ्यात जुळवून घेतं. सोमवार सगळ्यात वाईट जातो, कारण शनिवार-रविवार पोर दिवसभर अंगावर असतं. सोमवारी पर्समध्ये घड्या जास्त ठेव.

गाठ आलीच तर जोरजोरात चोळू नकोस. पूर्वी आम्हीच कंगव्याने ओढायला, गरम शेक द्यायला सांगायचो. आता उलट सांगतात. थंड शेक द्यायचा, हलका हात ठेवायचा, नेहमीइतकंच पाजायचं, मुद्दाम जास्त काढत बसायचं नाही. लाली, कळा, थंडी वाजून ताप आला आणि दिवसभरात उतरला नाही तर डॉक्टरकडे. अँटिबायोटिक दिलं तरी पाजणं सहसा थांबवायला लागत नाही. आपण अंगावर पाजतोय हे डॉक्टरांना सांगायचं, ते त्याप्रमाणे औषध निवडतात.

माहेरची_साय
अळिवाची खीर, शतावरी, डिंकाचे लाडू चालू ठेव, दूध आटणार नाही.

बालडॉक
आवडत असेल तर खा, लाडवाला माझा विरोध कधीच नसतो. पण दूध टिकतं ते बाळ पितं म्हणून. शतावरीच्या डब्यावर छापलेलं सगळं खरं असतं तर माझ्याकडे निम्मी गर्दी कमी झाली असती.

माहेरची_साय
माझ्या तिन्ही बाळंतपणांत उपयोग झाला डॉक्टर. असो.

झेडपी_बाई
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत, तालुक्यापासून बरीच आत. पंप, फ्रीज, खोली, यातलं आमच्याकडे काही नाही, पण एक सोय आहे जी मुंबईत नाही. मी शाळेच्या गावातच खोली घेतली. मधल्या सुट्टीत माझी आई बाळाला घेऊन येते, मी पोषण आहाराच्या कोठीत तांदळाच्या पोत्यांवर बसून पाजते. खिचडी शिजवणाऱ्या मावशी दाराशी उभ्या राहतात, कुणाला आत येऊ देत नाहीत. मुख्याध्यापक पहिल्या दिवशी चुकून आले, त्यानंतर ते खोकल्याशिवाय त्या बाजूला फिरकत नाहीत. आठवड्याच्या बैठकीला तालुक्याला जावं लागतं तेव्हा स्टँडवरचा हिरकणी कक्ष बघून ठेवलाय. तुमच्या मार्गावर असेल तर आधी जाऊन बघा, उघडा आहे का, कडी लागते का.

सरकारी नोकरीतल्यांनी बालसंगोपन रजा विसरू नये. राज्य सरकारी महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवस आहेत, केंद्रात ७३०. मी सलग न घेता तुकड्यांनी घेतली.

जर्सीकर
इथे अमेरिकेत उलटा प्रकार. पगारी रजा कायद्याने देशभर नाहीच, बारा आठवडे बिनपगारी मिळाले तर मिळाले. मात्र दूध काढायला वेळ आणि स्वच्छतागृह सोडून दुसरी आडोशाची जागा देणं मालकाला भाग आहे, मूल वर्षाचं होईपर्यंत. २०२२ च्या कायद्याने ते आणखी पुष्कळ जणींना लागू झालं. म्हणून इथल्या बायका पंपाच्या आहारी जातात. माझा सल्ला, अकरा महिन्यांना नव्याने पंप सुरू करू नकोस. मी वर्षाला बंद केला, सकाळ-रात्र अजून चालू आहे.

रानजाई
पण समजा दुपारी जेवणाच्या सुट्टीत थोडं काढलं, तर फेकवत नाही हो. घरी आणता येईल का?

रातपाळी
येईल. साधारण २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं. एसी ऑफिसात ठीक, पण मे महिन्यातल्या लोकलमध्ये हा हिशेब धरू नकोस. ऑफिसच्या फ्रीजमध्ये झाकणाच्या डबीत ठेव, वर नाव घाल, नाहीतर कुणीतरी चहात ओततं, ऐकलेली गोष्ट आहे. येताना बर्फाच्या पिशव्यांसह जाड अस्तराच्या पिशवीत, तसं चोवीस तासही चालतं. घरच्या फ्रीजमध्ये चार दिवस. दूध उकळायचं नाही, मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचं नाही, कोमट पाण्यात वाटी ठेवून गरम करायचं. बाळाने तोंड लावलेलं उरलं तर दोन तासांच्या आत संपवायचं, नंतर टाकून द्यायचं. साय वर येऊन थर दिसला तर नासलंय समजू नको, हलकं हलवलं की एकजीव होतं.

एचआरवाली
जागेच्या आणि वेळेच्या प्रश्नावर कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. रानजाई, तुझा हक्क रजेबरोबर संपलेला नाही. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत, नेहमीच्या सुट्टीव्यतिरिक्त, बाळाला पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा सुट्टी होती. २०१७ च्या दुरुस्तीने रजा सव्वीस आठवडे केली आणि पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक केली, तिथे आईला दिवसातून चार वेळा जायची मुभा. आता त्या कायद्याच्या जागी २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता आलीय, तिच्यातही या तरतुदी आहेत. म्हणजे तुला अजून चार महिने त्या दोन सुट्ट्या मिळतात.

अडचण अशी की कायदा 'बाळाला पाजण्यासाठी' म्हणतो. बाळ डोंबिवलीत आणि तू बीकेसीत. दूध काढण्याचा उल्लेख त्यात नाही, आडोशाच्या खोलीचाही नाही. काही एचआर तिथेच अडवतात. बहुतेक अडवत नाहीत, कारण त्यांना ही तरतूदच माहीत नसते आणि लेखी अर्ज आला की ते दचकतात. तोंडी विचारू नकोस. मेल कर.

टिकली
काचेच्या खोलीवरून आठवलं, २०२२ च्या नागपूर अधिवेशनात आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन विधानभवनात आल्या, तेव्हा कुठे तिथे हिरकणी कक्षाची सोय झाली. आमदाराला बाळ कडेवर घेऊन यावं लागतं, तर आपण मेल पाठवायला हरकत नाही.

रानजाई
मेल काय लिहू? मला 'स्तन' शब्द असलेला मेल साहेबांना जाईल या कल्पनेनेच घाम फुटतोय.

एचआरवाली
साहेबांना फक्त सीसी. हे घे, हवं तसं बदल.

"मा. व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग. मी दिनांक अमुकपासून कार्यालयात रुजू होत आहे. माझे मूल अकरा महिन्यांचे आहे. मातृत्व लाभाच्या तरतुदींनुसार मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत मिळणाऱ्या दोन सुट्ट्या मी सकाळी ११.३० आणि दुपारी ४ वाजता, प्रत्येकी पंधरा मिनिटे, घेऊ इच्छिते. या वेळेत तिसऱ्या मजल्यावरील लहान मीटिंग रूम आतून कडी आणि काचेला पडदा अशा सोयीसह उपलब्ध व्हावी. शक्य असल्यास आपल्या सोयीनुसार कळवावे."

खारूताई
झकास. फक्त 'शक्य असल्यास आपल्या सोयीनुसार' काढून टाक. तिथेच बोट ठेवतील. त्याजागी 'दिनांक अमुकपर्यंत कळवावे' टाक. आणि दुसरी वेळ ४ ऐवजी साडेतीन घे, चारनंतर सगळ्यांना मीटिंग रूम हवी असते.

एचआरवाली
मान्य. सवयीने लिहिलं गेलं, दिवसभर कंपनीच्या बाजूने लिहिते.

भातुकली
मी आत्ताच हा धागा वाचला. माझा मुलगा सोळा महिन्यांचा, मी पुढच्या आठवड्यात कामावर जातेय. मग मला हा अर्ज चालणार नाही ना?

एचआरवाली
कायद्याच्या जोरावर नाही. तरतुदींचं वाक्य काढ आणि विनंती म्हणून लिही. जेवणाची सुट्टी दोन तुकड्यांत विभागून माग, कंपनीचा वेळ जात नसल्याने सहसा हो म्हणतात. खोलीची मागणी मात्र तशीच ठेव.

रातपाळी
आणि सोळा महिन्यांना बहुधा पहिल्या दोन-तीन आठवड्यांपुरतीच लागेल ती खोली. एक वाटी, एक रुमाल आणि जादाचा कुडता ड्रॉवरमध्ये ठेव. कुडता गडद रंगाचा.